दिवसाच्या लाइटीतली झोप

मागच्या डिसेंबरात एका शुक्रवारी पहाटे माझा धाकटा भाऊ केदारखेड्याच्या शेतात फिट येऊन पडला. तो विहिरीपासून किती अंतरावर होता, याबद्दल दोन वेगळी विधाने आहेत. शेजारी शेत असलेला आमचा चुलतभाऊ सांगतो की तो मोटारीच्या पेटीपाशी, अगदी काठाला लागून पडला होता. भाऊ सांगतो की तो बांधावर होता. चुलतभावाने त्याला पाहिले होते आणि भावाला पडल्याचे आठवत नाही. म्हणून मी पहिले विधान धरते.

कपाळाला खोक पडली, जीभ दाताखाली आली. गव्हाला पाणी तसेच चालू राहिले आणि एक वाफा फुटून ते पाणंदीत आले. पाणंदीत पाणी दिसले म्हणून चुलतभाऊ पाहायला गेला, एरवी कोणी गेले नसते.

फिटचा आजार त्याला लग्नानंतर दोन वर्षांनी निघाला. जालन्यातल्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी रोज रात्री झोपताना घ्यायची एक गोळी लिहून दिली आणि फिट थांबली. वडील वारले, त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ती पुन्हा सुरू झाली. ही तिसरी. पहिल्या दोन घरात आल्या होत्या आणि घरातच ठेवल्या गेल्या. तिसरी विहिरीवर आली, म्हणून मला कळवण्यात आले.

मी जालन्यात एका दैनिकाच्या कार्यालयात जिल्ह्याचे पान पाहते. फोन आईचा होता.

"तुझा भाऊ पडला. पेपर राहू दे अन् ये. पन येताना एक काम कर. ह्या गोळ्या कशाच्या हायेत ते पक्कं इचारून ये."

"फिटच्या आहेत, आई."

"फिटच्या हायेत तर फिट कामून आली?"

मी दुसऱ्या दिवसाची रजा टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचले तेव्हा भाऊ मधल्या खोलीत झोपला होता. केदारखेड्यात शेतातल्या मोटारींना एक आठवडा दिवसा वीज मिळते, एक आठवडा रात्री. गावात तिला वीज म्हणत नाहीत. दिवसाची लाईट आणि रात्रीची लाईट म्हणतात. रात्रीची लाईट असली की गावातले पुरुष दिवसा झोपतात. दुपारी पारावर कोणी दिसत नाही. त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती. त्यामुळे तो झोपलेला होता यात वावगे काही नव्हते, आणि आईचेही त्याबद्दल काही म्हणणे नव्हते. तिचे म्हणणे दुसऱ्या आठवड्याबद्दल होते.

तिने मला ओसरीवर बसवले, आत पाहून घेतले आणि आवाज खाली आणला. आत भावजय भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज चालू असेतो आई बोलायची, तो थांबला की थांबायची.

"रातच्या लाइटीला झोपतो त्याचं मी काही म्हनत न्हाई. सगळं गाव झोपतं. पन दिवसाच्या लाइटीला? रातभर झोपतो, अन् सकाळी उठवावं तर मुडद्यावानी. चहा थंडा होतो, डोळे उघडत न्हाईत. उठला तर भिताडाला धरून चालतो. लाईट येऊन घंटा होतो, लोकाचा वाफा भरतो, तवा ह्याची मोटर चालू होती. हे काय हाये?"

"गोळीची गुंगी असेल."

"गोळी रोजच घेतो ना? मंग एक हप्ता गुंगी अन् एक हप्ता न्हाई, असं कसं? गोळीला लाइटीचं टाइमटेबल कळतं का?"

तिने विचार पुरा केलेला होता. गोळी रोज एकच. झोप मात्र एकाच आठवड्यात. म्हणजे त्या आठवड्यात त्याला कोणीतरी जास्तीचे काहीतरी देते. आणि देणारी घरात एकच होती.

"गोळी तीच देती. सोता सांगती, मीच देते म्हनून."

"पण ती कशाला देईल?"

"तिला जालन्याला जायचंय. तिच्या भावाचं दुकान हाये ना तिथं. नवरा कामाचा राह्यला न्हाई असं दिसलं की जमीन दुसऱ्याला बटईनं कसायला, अन् हे दोघं चालले शहरात. मी बसते इथं कोंबड्या हाकत."

भावजय असे बोलली होती, हे खरे. दुसऱ्या फिटनंतर चार बायकांत, फिटचे नाव न काढता, ती म्हणाली होती, असेच चालू राहणार असेल तर जमीन बटईने देऊ आणि जालन्याला जाऊ. मी नंतर तिला विचारले तेव्हा तिने ते नाकारले नाही.

आईने पुढचेही ठरवले होते. संक्रांत झाली की धावड्याच्या मामाला आणि तीर्थपुरीच्या व्याह्यांना बोलवायचे, बैठक घ्यायची आणि सुनेला काही दिवस माहेरी पाठवायचे.

"काही दिवस म्हणजे किती?"

"पोरगा जागा होईस्तोर."

आमच्या भागात बैठक होऊन माहेरी गेलेली सून आपली आपण परत येत नाही. तिला आणायला सासरहून कोणीतरी जावे लागते. कोण जाईल, हे आईने ठरवलेले नव्हते.

उन्हं कलताना भावजय हरभऱ्याची भाजी खुडायला निघाली, मीही तिच्यासोबत गेले. शेतात पोचल्यावर तिने ओटी खोचली. मग ओटीत पहिला शेंडा टाकत म्हणाली, "आक्का, तुमाला काय सांगितलं ते मला ठाऊक हाये. मी मधी मधी थापायची थांबत होते ती उगं न्हाई."

"मग तूच सांग. गोळी कोण देतं?"

"मीच देते. रोज. तांब्या अन् गोळी, हातात."

"रात्रीची लाईट असते तेव्हाही?"

"रोज म्हन्लं ना."

हे उत्तर तिने खाली पाहून दिले. भाजी खुडणारा माणूस खालीच पाहतो, पण आधीची उत्तरे तिने माझ्याकडे पाहून दिली होती.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुमी सगळं इचारून राह्यल्या, तर दुधाचं पन इचारा."

"कोणत्या दुधाचं?"

"दिवसाच्या लाइटीला आत्याबाई ह्यांना राती दूध देतेत. कपभर. मला हात लावू देत न्हाईत. पाठ करून काहीतरी किसतेत त्याच्यात. वास येतो."

"कसला?"

"तुमीच घेऊन बघा. मी कशाला नाव घेऊ? उद्या म्हनतेन सून आळ घेती."

म्हणजे घरात एकमेकींवर नजर ठेवणाऱ्या दोघी होत्या आणि दोघींनी आपापले पुरावे जमवले होते. ज्याच्याबद्दल हे चालले होते, तो मधल्या खोलीत झोपलेला होता.

मी आईला दुधाबद्दल विचारले. तिने लगेच सांगितले. जायफळ होते आणि वाटलेली खसखस. डोके थंड राहावे म्हणून.

"मग रात्रीची लाईट असली की का देत नाहीस?"

"तवा देऊन कसं चालल? झोप लागली तर पानी कोन भरील?"

आतापर्यंत मी ज्यांना विचारले त्यांत झोपेचे काही दिल्याचे कबूल करणारी आई एकटीच होती. मी तसे तिला म्हटले.

"जायफळानं मानूस मुडदा होत न्हाई," ती म्हणाली. "तुला लहानपनी चाटवलं, तू पेपरात लागली."

भाऊ उठला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. कपाळावर पट्टी होती, जीभ सुजल्याने शब्द जड येत होते. मी विचारले, गोळ्या नीट घेतोस ना?

"बराबर घेतो. महिना अन् पाकीट संगंच संपतं. ते बघ, कोनाड्यात ठेवलीत सगळी रिकामी." मग थोडे थांबून, "तू पन तपास करून राह्यली का, आक्का? म्हातारी माझ्या बायकोचा करून राह्यली, बायको म्हातारीचा. आता तू माझा कर."

"तुला स्वतःला काय वाटतं?"

"गोळ्याच खराब आल्या असतील. आधी पांढऱ्या होत्या, आता पिवळ्या. मला इचारलं का कोनी? दवा मी खातो अन् रंग ते बदलतेत."

मी रिकामी पाकिटे पाहिली. त्याचे म्हणणे बरोबर होते. महिना आणि गोळ्या यांचा मेळ बसत होता. यावरून एक गोष्ट निघत होती. भावजय त्याला याच गोळ्या जास्त देत असती तर त्या महिना संपायच्या आत संपल्या असत्या. हे मी आईला समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले.

"मंग दुसरीकडून आनत असंल," ती म्हणाली.

जालन्याला परतल्यावर मी रंगाची चौकशी केली. औषध दुकानदाराने दोन्ही पाकिटे शेजारी ठेवून दाखवली. कंपनी बदलली होती, औषध आणि त्याचे प्रमाण तेच होते. डॉक्टरांना फोनवर विचारले. ते म्हणाले, कंपनी शक्यतो एकच ठेवावी. पण तेवढ्याने एक आठवडा झोप आणि एक आठवडा नाही, असे होणार नाही.

"ही गोळी गुंगी आणते का?"

"आणते. सुरुवातीला बऱ्याच जणांना आणते. काही आठवड्यांत शरीराला सवय होते, मग कमी होते. ते कधीपासून घेताहेत?"

मी सांगितले.

"मग आत्तापर्यंत गुंगी जायला हवी होती. पहिल्या वर्षी तक्रार नव्हती त्यांची. घेऊन या. आणि त्यांना झोपलेलं जे जे बघतात, त्या सगळ्यांना घेऊन या. पेशंटला स्वतःची झोप सांगता येत नाही."

गोळीची गुंगी जायला हवी होती आणि गेली नव्हती, हे आता डॉक्टरांच्या तोंडून आले होते. आईच्या तर्काला त्याने उलट बळच मिळाले. त्या वेळी माझा संशय कोणावर होता असे कोणी विचारले तर उत्तर भावजयीवर असे आहे. हरभऱ्यात खाली पाहून दिलेले उत्तर, एवढाच त्याला आधार होता.

धावड्याच्या मामाचा फोन त्याच आठवड्यात आला. बैठकीत आपल्याला पुढे बसायचे आहे हे माहीत असल्याने त्यांचा आवाज आधीच मोठा झाला होता.

"पेपरवाली भाची, तू म्हनं खोलात जाऊन राह्यली?"

"डॉक्टरांना दाखवू आधी, मामा."

"दाखव ना. पन एक सांगतो. तुला लागती खबर, तुझ्या मायला लागतो संसार. खबर रोज नवी भेटती."

डॉक्टरांचा निरोप मी घरी दिला होता, पण गव्हाच्या पाण्यातून सवड निघाली नाही आणि संक्रांत झाली. आईने बैठकीसाठी रविवार धरला आणि तीर्थपुरीला फोन लावला. त्यानंतर काय झाले, हे मला आई आणि भावजय या दोघींनी वेगवेगळे सांगितले आणि दोघींच्या सांगण्यात फरक नव्हता. आईचे बोलून झाल्यावर भावजयीने फोन मागून घेतला आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, रविवारी नगा येऊ. गुरुवारी या. इकडं न्हाई, जालन्याला, दवाखान्यात." फोन ठेवून ती आईला म्हणाली, "आत्याबाई, जायचं तर मी जाते. पन तुमी बैठकीत जे म्हननार, ते आधी डॉक्टरसमोर म्हना."

आई लगेच तयार झाली. "बरं झालं," तिने मला सांगितले. "तिथं रक्तात दिसतं सगळं."

त्या गुरुवारी लाईट दिवसाची होती. भाऊ बसमध्ये झोपला, रिक्षात झोपला आणि दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बाकावर बसल्या बसल्या झोपला. व्याही आमच्या आधी येऊन बसले होते. तीर्थपुरीहून त्यांनी पिशवीभर मोसंब्या आणल्या होत्या. ती पिशवी कोणी हातात घेतली नाही म्हणून त्यांनी पायाशी ठेवली. जावयाचे डोके हळूहळू त्यांच्या खांद्यावर आले.

"बघा, इवाई," आई म्हणाली. "हे बघायलाच बोलावलं तुमाला. सकाळचे अकरा वाजून राह्यले."

"बघून राह्यलो, बाई. जड हायेत पाव्हणे." त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले, दुमडले आणि जावयाच्या कानाखाली सारले.

भावजय बाकाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिने कोणाकडे पाहिले नाही.

आत गेल्यावर डॉक्टरांनी आधी आईला बोलायला सांगितले. तिने काही राखून ठेवले नाही. मुडद्यासारखी झोप, भिंत धरून चालणे, दिवसाच्या लाइटीचा हप्ता असा, रात्रीच्या लाइटीचा तसा. शेवटी म्हणाली, "गोळी सून देती. तुमी रक्त तपासा, त्याच्यात दुसरं काय हाये ते बघा." व्याह्यांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी भावजयीकडे पाहिले, पण तिला काही विचारले नाही. खुर्ची भावाकडे वळवली.

"गोळी कधी घेता?"

"झोपताना."

"रोज?"

"बराबर. एक गोळी वाया न्हाई."

"रात्रीची लाईट असते तेव्हा झोपता कधी?"

भाऊ हसला. प्रश्न त्याला बावळटपणाचा वाटला असावा. "तवा कुठली झोप, साहेब? वडील होते तवर रातचं पानी तेच बघायचे. आता मी भरतो. दिवसा पडतो जरा."

"मग गोळी?"

"तवा न्हाई घेत ना. तवा घेतली तर मोटर कोन चालू करील? मागं एकदा घेतली अन् बांधावरच डोळा लागला, पानी दुसऱ्याच्या रानात गेल्तं. लई बोलनी बसली. तवापासून रातच्या लाइटीच्या गोळ्या बाजूला ठेवतो अन् दिवसाच्या लाइटीला घेतो. दोन दोन. महिन्याला बराबर होतेत."

भाऊ सगळ्यांकडे पाहत होता. त्याने काही लपवलेले नव्हते. त्याला आजवर एवढेच विचारले गेले होते की गोळ्या बरोबर घेतोस का, आणि त्याच्या हिशोबाने तो बरोबर घेत होता. विजेचा आठवडा बुडाला की पुढच्या आठवड्यात दुप्पट पाणी भरायचे, फवारणी राहिली की दुसऱ्या दिवशी दोन पंप जास्त मारायचे, हे त्याचे रोजचे काम होते. गोळ्याही त्याने त्यातच धरल्या होत्या.

आधी बोलले ते व्याही. "जावाईबापू, दोन दिसाच्या भाकरी एकदाच खाता का?"

"भाकर वेगळी, मामा. दवा वेगळी."

"हां, ते खरं," व्याही म्हणाले.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी जे सांगितले ते मी त्याच दिवशी लिहून ठेवले होते, ते थोडक्यात असे. या गोळीचे रक्तातले प्रमाण रोज सारखे राहावे लागते. आठवडाभर ती बंद केली की ते उतरते. अचानक बंद केल्याने फिट येण्याचा धोका उलट वाढतो. त्यात रात्रभर जागरण, आणि झोप मोडणे हे एकटेच फिटला पुरेसे असते. तिन्ही फिट रात्रीच्या लाइटीच्या आठवड्यात आल्या होत्या का, असे त्यांनी विचारले. आई आणि भावजय दोघी एकाच वेळी "हो" म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात दोन दोन गोळ्या गेल्या की त्याच्या दुप्पट गुंगी. गोळीची सवय व्हायला जे सलग आठवडे लागतात ते त्याच्या शरीराला मिळतच नव्हते. "तुमचं दर पंधरा दिवसांनी औषध नव्यानं सुरू होतं," डॉक्टर म्हणाले. "म्हणून गुंगी जात नाही. कोणी काही देत नाहीये तुम्हाला."

"जायफळ देतेत," भावजय म्हणाली. दवाखान्यात आल्यापासूनचे तिचे हे पहिले वाक्य.

"जायफळ बंद," डॉक्टर म्हणाले.

आईने तो मुद्दा सोडून दिला. तिला दुसरा सापडला होता. "आन हिला दिसत न्हवतं का? दोन दोन गिळून राह्यला होता, ही एकाच खोलीत. गोळी मीच देते म्हनती रोज. मंग एक हप्ता कोनाला देत होती?"

हा प्रश्न माझाही होता. हरभऱ्यात मिळालेले उत्तर आता उघडपणे खोटे ठरले होते.

भावजय डॉक्टरांकडे पाहून बोलली, आईकडे नाही. "पाकीट ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतं. मी देत न्हाई. कवाच दिली न्हाई. हे कोनाच्या हातची घेत न्हाईत."

"मंग मीच देते म्हनून कोन म्हनत होतं?"

"मी म्हनत होते. मंग काय म्हनू? नवरा आजारी अन् बायको गोळी देत न्हाई, त्यो आपला आपन घेतो, असं म्हनू? तुमी तवा काय म्हन्ला असता, आत्याबाई?"

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

गोळी रोज एकच, ठरलेल्या वेळी, लाईट कुठलीही असो. घेण्याची वेळ झोपेच्या थोडी आधी आणली, म्हणजे सकाळी डोके कमी जड राहील. पहिले काही आठवडे गुंगी राहील, ती सोसायची, गोळी सोडायची नाही. रात्रीच्या मोटारीला जायचे नाही. विहिरीवर एकट्याने जायचे नाही.

"मंग रातचं पानी?" भावाने विचारले. आजाराबद्दल त्याने स्वतःहून विचारलेला हा एकच प्रश्न होता.

"ते मी चिठ्ठीवर लिहून देऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर व्याही पिशवी उचलून उभे राहिले. "मंग बाई, रविवारचं काय? यावं का न्हाई?"

"सांगते," आई म्हणाली.

व्याह्यांनी मोसंब्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि ते अंबडच्या बसला गेले.

त्या रविवारी बैठक झाली नाही. मामांना आईने तब्येतीचे कारण सांगितले, कोणाच्या तब्येतीचे ते सांगितले नाही. रात्रीच्या पाण्याचा प्रश्न चुलतभावाने सोडवला: रात्रीच्या लाइटीला तो दोन्ही शेतांचे पाणी पाहतो, दिवसाच्या लाइटीला भाऊ आणि भावजय मिळून दोन्हीकडचे पाहतात. गव्हाच्या पाण्याच्या शेवटच्या पाळ्या तशाच झाल्या. भावाला हे आवडलेले नाही. दुसऱ्याच्या जिवावर झोपतो असे लोक म्हणतात, असे त्याचे म्हणणे. कोण म्हणते, हे विचारल्यावर त्याला नाव सांगता आले नाही.

गुंगी महिनाभर राहिली. त्या महिन्यात आईने मला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा एकच सांगितले: डॉक्टर काहीही म्हणो, झोप गेलेली नाही. पुढे ती कमी झाली. सकाळी तो आता चहा गरम असताना उठतो. चिडचिड वाढली आहे, ती गोळीची की स्वभावाची यावर घरात दोन मते आहेत. डॉक्टरांचे म्हणणे, थोडे थांबून पाहू.

गोळी आता आई देते. पाकीट तिच्याकडे असते. दिल्यावर ती त्याला तोंड उघडायला लावते, जीभ वर करायला लावते आणि मग दिव्यापाशी नेऊन पाहते. "लहान पोरावानी करून राह्यली," तो म्हणतो. "लहान पोरगं खरं बोलतं," ती म्हणते. जायफळ बंद केल्याचे आई सांगते. भावजय म्हणते, डबा अजून भरलेला आहे. जायफळाचा डबा भरलेला असणे हा कशाचा पुरावा, हे मी तिला विचारले नाही.

एक गोष्ट तिला विचारली. दोन दोन गोळ्या घेताना तिने त्याला कधी पाहिले होते का? एकाच खोलीत राहून ते दिसले नसेल, हे मला पटत नव्हते. ती ज्वारी पाखडत होती.

"आक्का," ती म्हणाली, "तुमी बातमी लिहून राह्यल्या का घरात बसून राह्यल्या?"

मी पुन्हा विचारले नाही. तिला माहीत होते की नाही, याची खातरजमा झालेली नाही. माहीत असते तर तिने का सांगितले नसते, याची दोन-तीन कारणे मला सुचतात, आणि त्यांतले एकही आईने सांगितलेल्या, जालन्याला जाण्याच्या कारणाशी जुळत नाही.

मागच्या तपासणीला भाऊ आणि भावजय दोघेच जालन्याला आले होते. त्या दिवसापर्यंत त्याला पुन्हा फिट आलेली नव्हती, असे दोघांनीही डॉक्टरांना वेगवेगळे सांगितले. भावजय केदारखेड्यातच आहे. रविवारचे काय, हे आईने व्याह्यांना अजून सांगितलेले नाही.